जुनी 'स्टॉर्म' घेताना सांगाडा पाहा

नंदुरबार : सॅन मोटर्सची 'स्टॉर्म' ही दोन आसनी, हलकी स्पोर्ट्स कार १९९० च्या दशकाच्या अखेरीस आली. उत्पादन थांबल्याने आता ती जुनीच घ्यावी लागते. ट्रॅकवर पळवण्यासाठी ती घेणाऱ्याने चकचकीत रंगावर भुलू नये. फायबरची बॉडी गंजत नाही, गंजतो तो खालचा पोलादी सांगाडा. समुद्रकाठी वापरलेली गाडी तर रॅम्पवर चढवून, वेल्डिंगचे सांधे तपासूनच घ्यावी.

ब्रेक ऑइल जुने असेल, तर त्यात ओलावा मुरलेला असतो. सलग फेऱ्यांत ते तापून उकळते, पॅडल खाली जाते आणि ऐन वळणावर ब्रेक लागत नाही. ते आधी बदलावे. टायर जुने असल्यास तेही.

परराज्यातील गाडीला 'एमएच-३९' क्रमांक हवा असल्यास तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. पंधरा वर्षांवरील गाडीची नोंदणी नूतनीकृत आहे ना, हे इसार देण्यापूर्वीच पाहावे. कोइंबतूरच्या कारी स्पीडवेपर्यंत गाडी नेण्याचे भाडेही हिशेबात धरावे.