म्हाताऱ्या फोर्डची लांब ढांग

टॉप गिअरमध्ये गाडी पळत असताना इंजिन आणि चाक यांच्यामध्ये दातांच्या किती जोड्या काम करत असतात? आजच्या गाडीत उत्तर जरा गुंतागुंतीचं आहे, पण १९२८ ते १९३१ या काळातल्या फोर्ड मॉडेल ए गाडीत ते अगदी सोपं आहे. एकच! तिचा तिसरा म्हणजे टॉप गिअर ‘डायरेक्ट’ असतो. इंजिनचा एक फेरा म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा एक फेरा. पुढे मागच्या ॲक्सलमध्ये ९ दातांचा छोटा पिनियन ३४ दातांच्या क्राउन व्हीलला फिरवतो. ३४ भागिले ९, म्हणजे ३.७८. इंजिन ३.७८ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं.

फोर्डने या मॉडेलच्या सुमारे ४८ लाख गाड्या बनवल्या, त्यामुळे अमेरिकेत आजही त्या मोठ्या संख्येने चालत्या आहेत आणि हौशी मंडळी त्या घेऊन लांबच्या टूरवर निघतात. पंचाईत तिथेच होते. गाडी बनली तेव्हा बहुतेक रस्ते खडी-मातीचे होते. ताशी ५५ ते ६५ किलोमीटर म्हणजे झकास वेग. आज साध्या दोन पदरी हायवेवरही ५५ मैलांची, म्हणजे ताशी सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा असते आणि मागचा ट्रक हॉर्न देत असतो.

आता थोडं गणित करू. १९ इंची रिमवरच्या टायरचा परीघ साधारण २.२ मीटर धरा. ताशी ८८ किलोमीटर म्हणजे मिनिटाला १४६७ मीटर, म्हणजे चाकाचे ६६७ फेरे. गुणिले ३.७८, इंजिन २५२० आरपीएमवर! आजच्या पोरांना हा आकडा हास्यास्पद वाटेल, आपल्या बाइक्स याच्या दुप्पट सहज फिरतात. पण मॉडेल ए चं ३.३ लिटरचं इंजिन आपली सगळी ४० हॉर्सपॉवर २२०० आरपीएमलाच देऊन मोकळं होतं. त्यापुढे ते फक्त ओरडतं.

ओरडणं सोसता येईल, खरा धोका आत आहे. या इंजिनच्या क्रँकशाफ्टला काउंटरवेट नाहीत आणि त्याला आधार फक्त तीन मेन बेअरिंगचा. बेअरिंग म्हणजे आजच्यासारखे बदलता येणारे शेल नव्हेत. बॅबिट नावाचा कथिलाचा मऊ मिश्रधातू वितळवून थेट ब्लॉकमध्ये आणि कनेक्टिंग रॉडमध्ये ओतलेला असतो. रॉडच्या बेअरिंगला प्रेशरने ऑइल मिळत नाही, रॉडचं टोक संपमधल्या ऑइलमध्ये बुडून शिंतोडे उडवतं तेवढंच. बॅबिट एकदा उडालं की पूर्ण इंजिन खोलून, नवीन ओतून, बोअर करून घ्यावं लागतं. हे काम नीट करणारे कारागीर आता थोडे आणि महाग.

टीओएममध्ये आपण शिकलो की पिस्टन आणि रॉडचं इनर्शिया फोर्स वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. पेपरात पाच मार्कांसाठी लिहिलेलं हे वाक्य इथे कामाला येतं. कारण उलटंही खरं आहे. आरपीएम थोडे कमी केले की बेअरिंगवरचा मार त्याहून बराच जास्त कमी होतो.

म्हणून मग क्राउन-पिनियन बदलायचा. या गाडीसाठी नवीन बनवलेले दोन सेट जास्त वापरात आहेत. एक ११ आणि ३९ दातांचा, रेशो ३.५४. दुसरा ११ आणि ३६ दातांचा, रेशो ३.२७. त्याच ८८ च्या वेगाला पहिल्या सेटवर इंजिन सुमारे २३६५ आरपीएमवर येतं, दुसऱ्यावर २१८० वर, म्हणजे २२०० च्या आत. ३.२७ ने आरपीएम साडेतेरा टक्के उतरतात, पण वर्गाच्या नियमाने इनर्शिया फोर्स तब्बल २५ टक्के कमी होतं. ३.५४ ने आरपीएम सहा टक्के आणि फोर्स १२ टक्के. इंजिनला हातही न लावता!

जाता जाता एक व्हायवाचा प्रश्न. सगळ्या सेटमध्ये दातांचे आकडे असे विचित्र का? ९-३४, ११-३९, ११-३६. सरळ १०-३५ का नाही? कारण या जोड्यांना १ शिवाय सामायिक विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला आळीपाळीने भेटतो आणि झीज सारखी होते. एखादा दात वाईट असला तर त्याचा त्रास सगळ्यांना थोडा थोडा वाटला जातो. यालाच ‘हंटिंग टूथ’ म्हणतात. हे दोन गिअर जोडीनेच जुळवून घेतलेले असतात, म्हणून जुना पिनियन आणि नवीन क्राउन असा संसार थाटायचा नाही.

आता फुकट काही मिळत नाही हे मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको. रेशो जितका घटला तितकाच चाकावरचा टॉर्कही घटला. इंजिनचा जास्तीत जास्त टॉर्क १७४ न्यूटन-मीटर आहे, तोही १००० आरपीएमला. दोन माणसांसह गाडी १२०० किलोची धरली, तर माझ्या हिशोबाने जुन्या रेशोवर ती टॉप गिअरमध्ये साधारण १२ टक्क्यांचा चढ कशीबशी चढेल आणि ३.२७ वर १० टक्क्यांचा. कागदावर फरक दोनच टक्क्यांचा दिसतो, पण डोंगरी रस्त्यावर तोच नडतो, कारण खाली उतरायला जागाच नाही. गिअरबॉक्स तीनच गिअरचा आणि सेकंडचा रेशो १.८५. टॉपमधून सेकंडला आलात की आरपीएम एकदम जवळजवळ दुप्पट! त्यात सिंक्रोमेश नाही, म्हणजे चढावर डबल क्लच करत गिअर पाडायचा. समाधान एवढंच की नवीन रेशोमुळे सेकंडही लांब होतो. ताशी ४५ ला सेकंडमध्ये इंजिन आधी २३८० च्या आसपास फिरायचं, ते आता २०६० वर येतं.

माझं मत विचाराल तर, सपाट प्रदेशात राहणाऱ्याने आणि इंजिनचं कॉम्प्रेशन दमदार असेल त्याने ३.२७ घ्यावा. डोंगराच्या आसपास असाल किंवा इंजिन थकलेलं असेल तर ३.५४ च्या पुढे जाऊ नये. दोन्ही सुखं हवी असतील तर ओव्हरड्राइव्ह बसवणारेही आहेत. त्यात मूळचा ३.७८ तसाच राहतो आणि हवा तेव्हा आरपीएम साधारण एक चतुर्थांशाने उतरवता येतात. पण त्यासाठी टॉर्क ट्यूब कापावी लागते आणि खर्चही जास्त. गिअर सेट बाहेरून कुणाला दिसतसुद्धा नाही.

काम करताना सगळ्यात जास्त सांभाळायची गोष्ट गिअर नाही, स्प्रिंग आहे. मागची पाट्यांची स्प्रिंग आडवी असते आणि ताणून बसवलेली असते. स्प्रेडर न लावता शॅकल काढला तर ती हात मोडू शकते. चाकाचे हब टेपर शाफ्टवर घट्ट बसलेले असतात, ते पुलरनेच काढायचे, हातोड्याने नाही. मग ॲक्सल टॉर्क ट्यूबसकट गाडीखालून बाहेर येतो. आत बेअरिंगचा प्रीलोड आणि दातांमधला बॅकलॅश ही खरी कारागिरी. हाउसिंगच्या जोडावरची गॅस्केट कमी-जास्त करून तो जमवतात, बॅकलॅश साधारण ०.१५ ते ०.२५ मि.मी. मग दातांना निळा रंग लावून फिरवून पाहायचं. डाग दाताच्या मधोमध आला तर ठीक, टोकाला आला तर परत खोला. कमी बॅकलॅशने गिअर तापतात, जास्तीने आवाज करतात.

एक गंमत. या ॲक्सलचं हाउसिंग उलटं जोडून क्राउन पिनियनच्या दुसऱ्या बाजूला गेला, तर गाडीला एक फॉरवर्ड आणि तीन रिव्हर्स गिअर मिळतात. हा विनोद नाही, जुन्या फोर्डवाल्यांच्या गप्पांत हा किस्सा हमखास निघतो.

आपल्याकडच्या जुन्या फोर बाय फोर जीपवर हाच उद्योग करायचा असेल तर एक लक्षात ठेवा. पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलचा रेशो सारखाच बदलावा लागतो. नाही तर फोर व्हील टाकल्याबरोबर दोन ॲक्सल एकमेकांशी भांडायला लागतील आणि मध्ये ट्रान्सफर केस भरडली जाईल.

आणि शेवटी ब्रेक. मॉडेल ए चे ब्रेक चारही चाकांना आहेत, पण सळयांनी ओढले जाणारे मेकॅनिकल. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले ते थेट १९३९ च्या मॉडेलला. नवीन गिअरमुळे इंजिन शांत झालं की वेग कळत नाही आणि पाय आपोआप दाबला जातो. ताशी ७२ ऐवजी ८८ ने जाताना गाडीतली गतिज ऊर्जा जवळजवळ दीडपट असते आणि ती जिरवायला ड्रम तेच. त्यात भर म्हणजे या गाडीचा स्पीडोमीटर प्रोपेलर शाफ्टवरून चालतो. शाफ्टचे फेरे घटले की काटाही खाली येतो. ३.२७ बसवून स्पीडोमीटरचा गिअर तसाच ठेवला, तर खऱ्या ८८ ला काटा ७६ दाखवेल. म्हणून ॲक्सल परत चढवण्याआधीच स्पीडोमीटरचं बघून घ्यावं, ब्रेकच्या सळया ॲडजस्ट कराव्यात आणि पहिले काही शे किलोमीटर हळू चालवून ॲक्सलचं ऑइल एकदा बदलावं. त्या ऑइलमध्ये चकाकी दिसली तर बोटाने चोळून पाहा. बारीक पूड असेल तर दात बसताहेत. कण टोचले तर गाडी पुन्हा घोडीवर.