शाळा सुटल्यावरची शाळा

शेवटची घंटा झाली कीं मुलाचा शिक्षणाचा दिवस संपला, असा समज सुशिक्षित घरांतून रूढ आहे. ज्या घरांत कपाटभर पुस्तकें आहेत, अडलेला शब्द सांगणारें वडील माणूस आहे, तेथें या समजानें फारसें बिघडत नाहीं; कारण घंटेनंतरहि तेथें शिक्षण अजाणतां चालूच असतें. परंतु बाप भाताच्या गिरणींत पोतीं वाहतो आणि आई विड्या वळते, अशा घरांतील मुलाची गोष्ट निराळी. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचे दोन-तीन तास त्याचे कोणाचेच नसतात. दोन मुलांमधील जें अंतर वर्गांत दिसतें, त्याचा मोठा भाग याच तासांत पडलेला असतो.

हे तास कशानें भरावे, याविषयीं दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, मुलांस नीट वाचतां येत नाहीं, तेव्हां पुन्हा अक्षरें गिरवून घ्या. दुसरा म्हणतो, मुलें शिणलेलीं असतात. त्यांना गाऊं द्या, नाचूं द्या. पहिल्याच्या वर्गाला मुलें चार दिवसांत पाठ फिरवितात. दुसऱ्याच्या वर्गांत तीं आनंदानें येतात, पण वर्षअखेर वाचनांत होतीं तेथेंच राहतात. अक्षर आणि कला हीं दोन कामें न मानतां एकच मानलीं, तर हा पेंच सुटतो. महाराष्ट्रास हा अनुभव नवा नाहीं.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८५५ सालीं पुण्यांत कष्टकरी लोकांसाठीं रात्रीची शाळा चालविली. मुंबईंत ना. म. जोशी यांनीं १९११ मध्यें सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. गिरणगांवांत रात्रीच्या शाळा काढणें, वाचनालयें उघडणें, पुस्तकांच्या पेट्या वस्तीवस्तींत फिरविणें, हीं लीगचीं प्रमुख कामें होतीं. याच लीगनें परळ येथें १९२२ च्या सुमारास दामोदर नाट्यगृह उभें केलें. त्याच वर्षींच्या कारखान्यांच्या कायद्यानें बारा वर्षांखालील मुलांस कामावर घेण्यास बंदी झाली आणि बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांचें काम दिवसाकाठीं सहा तासांवर आलें. म्हणजे गिरणींतल्या पोराच्या हातीं कायद्यानें कांहीं तास दिले, आणि ते कोठें घालवावे याचें एक उत्तर त्याच भागांत उभें राहिलें.

एकाच संस्थेच्या छायेखालीं रात्रीची शाळा आणि रंगमंच असावा, ही घटना वाटते तितकी किरकोळ नाहीं. कोंकणांतून व घाटावरून आलेले कामगार दामोदरच्या रंगमंचावर नाटकें करीत. नमन, दशावतार हे गांवाकडचे खेळहि तेथें होत. नाटक बसवावयाचें म्हणजे कोणी तरी संहिता वाचून दाखविली पाहिजे, कोणी नकला उतरून घेतल्या पाहिजेत, कोणी जाहिरातीचा फलक रंगविला पाहिजे. अक्षर येणाऱ्यास मान होता आणि न येणाऱ्यास तें शिकण्याचें कारण होतें. हें कारणच रात्रीच्या शाळेस एरव्हीं मिळत नाहीं.

याच मुंबईंत शाळेच्या भिंतींबाहेरहि अशीच घडण होत होती. वाटेगांवचे अण्णा भाऊ साठे यांच्या वांट्यास शाळा जेमतेम दीड दिवस आली, असें सांगतात. माटुंग्याच्या लेबर कँपांतील कामगारांच्या सहवासांत ते लिहूं-वाचूं लागले आणि तेथल्या डासांवर त्यांनीं पोवाडा रचला. १९४४ मध्यें अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह त्यांनीं लाल बावटा कलापथक उभें केलें; पुढें १९५९ मध्यें ‘फकिरा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. असा प्रतिभावंत शतकांत एखादाच. परंतु ज्या वाटेनें तो अक्षराकडे आला, ती वाट सामान्य मुलासहि मोकळी असते: आधीं सांगावेंसें वाटणारें कांहीं तरी, मग तें टिपून ठेवण्याची गरज, आणि त्या गरजेपोटीं अक्षर.

या वाटेचें मर्म मानसशास्त्रानेंहि उलगडलें आहे. वाचन सफाईदार होण्यास तोच उतारा अनेक वेळां वाचावा लागतो. अक्षर ओळखण्यांतच मुलाची सारी शक्ति खर्चूं लागली, तर अर्थासाठीं कांहीं उरत नाहीं. ओळख अंगवळणी पडली म्हणजे मन अर्थाकडे मोकळें होतें. अमेरिकन अभ्यासक सॅम्युएल्स यांनीं १९७९ मध्यें पुनर्वाचनाची ही पद्धति सविस्तर मांडली. अडचण एवढीच, कीं तोच धडा वीस वेळां वाच म्हटलें तर कोणतेंहि मूल कंटाळतें. तालमींत मात्र तेंच मूल तोच प्रवेश वीस वेळां हौसेनें वाचतें. कारण प्रत्येक वेळीं आवाज चुकलेला असतो, थांबा चुकलेला असतो, आणि समोरचा गडी उत्तराची वाट पाहत असतो. गाण्याचा उपयोग याच्या उलट दिशेनें होतो. तोंडपाठ गाणें कागदावर दिसलें, म्हणजे मूल ओठांवरचा शब्द बोटाखालच्या शब्दाशीं जुळवूं लागतें. चित्रकलेनें लेखणी धरणारा हात वळतो; आणि चित्राखालीं दोन ओळी लिहावयाच्या, हें मुलास शिक्षेसारखें वाटत नाहीं.

हा विचार गोंदिया जिल्ह्यास विशेषच लागू पडतो. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यांतून वेगळा झालेला हा जिल्हा मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमेवर वसला आहे. गोंदिया शहर रेल्वेचें मोठें जंक्शन आणि भाताच्या गिरण्यांचें गांव. येथल्या एकाच वर्गांत घरीं झाडीबोली, पोवारी, हिंदी, छत्तीसगडी किंवा गोंडी बोलणारीं मुलें शेजारीं शेजारीं बसतात. पाठ्यपुस्तकांतील मराठी त्यांतील पुष्कळांस परकी वाटते. मूल गप्प बसतें. शिक्षकास तें मंद वाटतें. आणि थोड्याच वर्षांत तें स्वतःसहि मंद समजूं लागतें. मुलाचें खरें नुकसान येथें होतें.

पण याच मुलखापाशीं एक ठेवा आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या झाडीपट्टींत दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. मंडई आणि शंकरपट यांच्या निमित्तानें गांवोगांव मंडप पडतात आणि रात्रभर प्रयोग रंगतात. गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा हें नाटकमंडळ्यांचें मुख्य ठाणें. या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांस २०२३ मध्यें पद्मश्री मिळाली, डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं झाडीबोलीचा व दंडारीसारख्या लोककलांचा अभ्यास केला. शहरांतील मजुराचें मूलहि आजोळीं गेलें कीं हीं नाटकें पाहतें आणि परतल्यावर नटाच्या नकला करतें. शाळेंत मुका असणारा मुलगा गल्लींत आख्खा प्रवेश म्हणून दाखवितो. त्याची स्मरणशक्ति आणि भाषा दोन्हीं शाबूत आहेत. तीं कागदाशीं जोडणारा दुवा तेवढा नाहीं.

सायंकाळच्या वर्गानें हा दुवा जोडावयाचा. त्याची रचना सोपी आहे. नगरपालिकेच्या शाळेची एक खोली, वीस-पंचवीस मुलें, एक शिक्षक व एक कलावंत. वेळ शाळा सुटतांच. उशीर झाला तर मुलींस घरचे पाठवीत नाहींत. धाकट्या भावंडास कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीस परत धाडूं नये. तिला परत धाडणें म्हणजे तिचें शिक्षण बंद करणें. प्रथम मूठभर खाऊ, मग गाणें, मग वाचन, शेवटीं तालीम. नाटक मुलांनींच रचावें: मूल स्वतःच्या बोलींत बोलेल तसें मोठ्यानें लिहून घ्यावें, तेंच मुलानें वाचावें, आणि नंतर त्याच्या शेजारीं पुस्तकी मराठींतील रूप ठेवावें. बोली चुकीची म्हणून खोडूं नये. पावसाळ्यांत झाडीपट्टीचे मंडप मिटलेले असतात. रोवणी उरकल्यावर एखादा नट सायंकाळीं मिळूं शकेल, आणि त्यास मानधन देणें हें उपकाराचें नव्हे, रास्त व्यवहाराचें काम आहे.

दोन धोके मात्र टाळले पाहिजेत. पहिला वार्षिक समारंभाचा. पाहुण्यांसाठीं नाटक बसूं लागलें, कीं चुणचुणीत मुलास राजाचें काम मिळतें आणि अडखळणारें मूल पडदा ओढावयास उभें राहतें. ज्याच्यासाठीं वर्ग काढला तेंच मागें पडतें. म्हणून कामें फिरतीं ठेवावीं, आणि दर महिन्यास प्रत्येक मुलाकडून एक अनोळखी उतारा वाचून घेऊन प्रगति टिपावी. नुसत्या पाठांतरास वाचन समजण्याची चूक त्यामुळें टळते. दुसरा धोका अल्पजीवीपणाचा. उत्साहानें काढलेला वर्ग सहा महिन्यांत बंद पडला, तर मूल पुन्हा कोणावर विश्वास टाकीत नाहीं.

संस्थाहि माणसांप्रमाणें म्हाताऱ्या होतात. १९८२ च्या संपानंतर गिरणगांव पांगलें, आणि दामोदर नाट्यगृह २०२३ च्या नोव्हेंबरांत पुनर्बांधणीसाठीं बंद झालें. परंतु तेथें सिद्ध झालेली गोष्ट कोणत्याहि इमारतीवर अवलंबून नाहीं. गोंदियांतील सुशिक्षित कुटुंबांनीं आठवड्यांतून दोन सायंकाळी दिल्या, तरी आरंभास पुरे. त्यासाठीं पंडित असण्याची जरूर नाहीं. अडखळत वाचणाऱ्या मुलाशेजारीं बसावें, घाईनें शब्द सुचवूं नये, आणि ओळ संपेपर्यंत ऐकावें. असें ऐकणारें माणूस घरांत असणें हीच सुशिक्षित घराची खरी श्रीमंती, आणि ती वांटल्यानें कमी होत नाहीं.