भुताची जात कोणी विचारली?

'मुंज्या' हा हिंदी चित्रपट 7 जून 2024 रोजी प्रदर्शित झाला. एकही बडा नट नाही, तरीही निव्वळ तोंडी प्रसिद्धीच्या जोरावर कोकणातल्या या भुताने देशात शंभर कोटींच्या वर गल्ला गोळा केला. समीक्षकांनी तारे वाटले, प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवल्या. संगणकावर घडवलेल्या भुताची करामत वाखाणली गेली, विनोदाला दाद मिळाली, शर्वरी आणि अभय वर्मा यांचे कौतुक झाले. शेवटचा गोंधळ लांबला म्हणून कोणी एखादा तारा कापला. पैसे वसूल, असा प्रेक्षकांनी निकाल दिला. पण हे भूत कोणाचे, ही साधी चौकशी आम्ही वाचलेल्या परीक्षणांत कोणी केलेली दिसली नाही. म्हणून ती आम्हाला करावी लागत आहे.

आमचा हसण्याला विरोध नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. मराठी माणसाला भुताच्या विनोदाची जुनी सवय आहे. 1982 चा 'एक डाव भुताचा', 1993 चा 'झपाटलेला', 2004 चा 'पछाडलेला' हे चित्रपट घराघरांत पाहिले गेले. रामदास पाध्ये यांच्या हातून घडलेला तात्या विंचूचा बाहुला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची उडणारी तारांबळ यांवर आमच्या वस्त्यांतील पोरांनीही पोट धरून हसून घेतले. तेव्हा मराठवाड्यात विद्यापीठ नामांतराचा लढा चालू होता. लढणाऱ्या समाजालाही हसू लागते. प्रश्न हसण्याचा नाही. हसता हसता आपण काय गिळतो, याचा आहे.

मुंजा म्हणजे काय? ज्याची मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधीच जो मेला, त्या ब्राह्मण मुलाचे भूत. ते पिंपळावर राहते, अशी समजूत. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित या चित्रपटातील गोट्या असाच मुलगा आहे. आता बघा, मुंजीचा अधिकार धर्मशास्त्राने कोणाला दिला आणि कोणाला नाकारला, हे आम्ही वाचकांना नव्याने सांगायला नको. महार-मांगाच्या पोराची मुंजच नाही, तेव्हा मेल्यावर मुंजा होण्याची सोयसुद्धा नाही! आमच्या आरक्षणाच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी भूतलोकातील हे शंभर टक्के आरक्षण जरूर पाहावे. ब्रह्मसमंध ब्राह्मणाचा, खवीस मुसलमानाचा, बाळंतपणात मेलेल्या बाईची हडळ. माणूस मेला, जळाला, राख झाली, तरी त्याची जात आणि बाईचे बाईपण काही जळत नाही. चातुर्वर्ण्याची यंत्रणा स्मशानापलीकडेही कशी चालते, याचा याहून उघड पुरावा कोणता?

आणि पिंपळ? ज्या पिंपळाखाली सिद्धार्थ गौतमाला सम्यक संबोधी प्राप्त झाली, तोच हा वृक्ष. ज्याच्या सावलीत जगाला दुःखमुक्तीचा मार्ग सापडला, त्या झाडाजवळून संध्याकाळी जाऊ नको, असे आमच्या आया-आज्यांना शिकवले गेले. ही अदलाबदल आपोआप झाली असेल, यावर आमचा विश्वास नाही.

चित्रपटाच्या सुरुवातीला 1952 सालचे कोकण दिसते. म्हणजे संविधान लागू होऊन दोन वर्षे झालेली. तिथे हा गोट्या आपल्याहून मोठ्या मुलीशी लग्न करता यावे म्हणून स्वतःच्या लहान बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि त्यात स्वतःच मरतो. या विनोदी कथेच्या मुळाशी नरबळी आहे. दिग्दर्शकाने तो प्रसंग भयानक म्हणूनच दाखवला, हे मान्य. पण हसण्या-घाबरण्याच्या हिशेबात ती बहीण मागे पडते आणि लक्षात राहतो तो खोडकर मुंज्या.

भूत उतरवणाऱ्या बाबाच्या भूमिकेत सत्यराज आहेत. 2007 च्या तमिळ चित्रपटात ज्यांनी पेरियार साकारले, तेच सत्यराज! नटाने कोणती भूमिका करावी हा त्याचा हक्क आहे. पण पेरियार पाहायला आपल्याकडे किती जण गेले आणि बाबा पाहायला किती, याचा हिशेब प्रेक्षकांनी स्वतःशी करावा.

पडद्यावरचे भूत दोन तासांत उतरते. गावातले उतरत नाही. 'झपाटलेला'चा दुसरा भाग जून 2013 मध्ये आला आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. वर्षानुवर्षे रखडवलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीतील पहिलीच बाब वाचा: भूत उतरवण्याच्या बहाण्याने दोराने वा साखळीने बांधणे, काठीने-चाबकाने मारणे, पादत्राण भिजवलेले पाणी पाजणे, मिरचीची धुरी देणे. कायदा करणाऱ्यांनी हे कल्पनेने लिहिले नाही. गावोगाव हे घडत आले म्हणून लिहावे लागले. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. भानामतीच्या नावाने मराठवाड्याने काय सोसले ते इथल्या बायाबापड्यांना विचारा. झाड धरते ते बहुधा सुनेला. मारहाण होते तीही तिलाच. आणि तक्रार द्यायची वेळ आली की घरचेच मागे सरकतात.

मग चित्रपटावर बंदी घालायची काय? मुळीच नाही. कायद्याचे विद्यार्थी म्हणून आम्ही सांगतो, हा कायदा भोंदू बाबासाठी आहे, कथाकारासाठी नाही. अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य अनुच्छेद 19 ने दिले आहे आणि त्याची सर्वांत जास्त गरज आम्हालाच आहे. पण त्याच संविधानाच्या अनुच्छेद 51 क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन आणि मानवतावाद वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. समीक्षक हाही नागरिकच असतो. चित्रपटाने भुताला हसवले की भुताच्या भीतीला हसले, एवढे सांगणे तरी त्याचे काम नव्हे काय?

आमच्या लोकांना तर हा प्रश्न अधिकच लागू आहे. बाबासाहेबांनी या शहरात महाविद्यालय काढले, त्याला मिलिंदाचे नाव दिले आणि परिसराला नागसेनाचे. हा योगायोग नव्हे. मिलिंद राजाने खोदून खोदून प्रश्न विचारले आणि भन्ते नागसेनांनी रथाचे उदाहरण देऊन समजावले की चाक, आस, दांडी यांपलीकडे रथ म्हणून वेगळे काही सापडत नाही, तसेच माणसाचे. देहामनापलीकडे आत्माच नाही, तर भटकणार कोण? पिंपळावर बसणार कोण? 14 ऑक्टोबर 1956 रोजी बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारले, तेव्हाच आमच्या वस्तीतील सगळी भुते बेघर झाली. तरीही आमच्या काही घरांच्या उंबऱ्यावर अमावास्येला लिंबू-मिरची लटकते. तिथे दोष चित्रपटाला देऊन चालणार नाही.

विनोद हे हत्यार आमचेच आहे. जोतीराव फुल्यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' लिहिले. त्यात ग्रहांची भीती घालून कुणबी नवरा-बायकोला लुबाडणारा जोशी आहे आणि त्याचे पितळ उघडे पाडणारा विदूषकही आहे. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले. त्या काळच्या समीक्षेचा तो निकाल होता. पुढे सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांनी बाबा-बुवांची टर उडवत माणसे जागी केली. ती परंपरा पुढे नेणारा कॅमेरा आज आमच्या तरुणांच्या खिशातच आहे. नागसेनवनातील पोरांनी त्यावर एकदा भूत उतरवणाऱ्या बाबालाच पळता भुई थोडी करून दाखवावे. त्या दिवशी आम्ही पहिल्या रांगेत बसून शिट्टी वाजवू.