प्राण्यांची माया आणि मेंदूंतील रस

कबुतरांची जोडी अंडीं आळीपाळीनें उबविते. बोका मात्र आपल्या पिलांकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. प्राण्यांच्या स्वभावांत असा भेद कां असावा?

शरीरांतील ग्रंथींतून कांहीं रस पाझरून थेट रक्तांत मिसळतात. त्यांस हार्मोन म्हणतात. ऑक्सिटोसिन व व्हॅसोप्रेसिन हे दोन हार्मोन मेंदूंत तयार होतात. पहिल्यामुळें मातेस पान्हा फुटतो. दुसरा शरीरांतील पाणी राखतो. परंतु खुद्द मेंदूंत त्यांचें कार्य याहून निराळें आहे.

अमेरिकेंतील गवताळ मैदानांत प्रेअरी व्होल नांवाचा उंदरासारखा प्राणी राहतो. त्यांचीं नर-मादी बहुधा आयुष्यभर एकत्र नांदतात व नरहि पिलांस ऊब देतो. त्याचाच भाऊबंद मेडो व्होल. परंतु त्याचा नर एका मादीशीं जोडी करून राहत नाहीं. दोघांच्याहि मेंदूंत रस तेच आहेत. मग भेद कोठें? संशोधकांस आढळून आलें कीं, किल्ली एकच असली तरी तिचीं कुलपें निरनिराळ्या दारांस आहेत. रस ग्रहण करणारीं पेशींवरील स्थानें हींच तीं कुलपें. प्रेअरी व्होलच्या मेंदूंत सुखाची जाणीव देणाऱ्या भागांत तीं दाट असतात. म्हणून त्यास सहचरीचा सहवास गोड वाटतो. लॅरी यंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मेडो व्होल नरांच्या मेंदूंत त्याच जागीं व्हॅसोप्रेसिनचीं कुलपें वाढविलीं, तों ते नर आपल्या सहचरीजवळच बसूं लागले! हा प्रयोग २००४ सालीं प्रसिद्ध झाला.

तर मग माया म्हणजे केवळ एक रसच काय? असें म्हणण्याची घाई करूं नये. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ऑक्सिटोसिनचें कुलूप जन्मतःच नसलेल्या प्रेअरी व्होलांनींहि जोड्या जमविल्या, व त्यांच्या माद्यांनीं पिलांस दूध पाजलें. अर्थात् एवढें मोठें कार्य निसर्गानें एकाच किल्लीवर सोंपविलेलें नाहीं.

आणखी एक गोष्ट पालकांनींहि ध्यानांत घेण्याजोगी आहे. उंदराच्या ज्या मादीस बाळपणीं आईनें वारंवार चाटून कुरवाळिलें, ती मोठेपणीं आपल्या पिलांसहि तसेंच कुरवाळते, व तिच्या मेंदूंत ऑक्सिटोसिनचीं कुलपें अधिक आढळतात. जन्मदात्रीऐवजीं दुसऱ्या मायाळू मादीनें वाढविलेलीं पिलेंहि मोठेपणीं तशींच मायाळू निघतात. म्हणजे रसामुळें माया उपजते हें जितकें खरें, तितकेंच मिळालेल्या मायेनें मेंदू घडतो हेंहि खरें. मनुष्याचा मेंदू याहून कितीतरी गुंतागुंतीचा आहे. तथापि ज्यास माया मिळाली तो ती देण्यास शिकतो, ही गोष्ट इवल्याशा उंदरापासूनहि शिकतां येते.