उन्हाची ऊब रात्रीपर्यंत कशी राखावी?

लडाखमधील लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तेथील जमीन गोठते व शेतीची कामे कित्येक महिने बंद पडतात. घाटरस्ते बर्फाने अडले म्हणजे ताजी भाजी दुर्मिळ होते. जळणही थोडेच, तेव्हा हरितगृहात शेगडी पेटविणे लहान शेतकऱ्यास परवडणारे नाही. ऊन मात्र विपुल आहे.

नुसत्या प्लॅस्टिकच्या मांडवात दिवसा चांगली ऊब येते, परंतु पातळ कागदातून ती रात्री निघून जाते. म्हणून तेथे सुधारलेल्या हरितगृहाची लांबी पूर्व-पश्चिम धरतात आणि फक्त दक्षिणेची बाजू प्लॅस्टिकची ठेवतात. इतर तीन बाजूंस कच्च्या विटांच्या दुहेरी भिंती असून मधल्या पोकळीत गवत अथवा भुसा भरलेला असतो. डिसेंबरात लेह येथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर येतो, त्यामुळे किरणे थेट उत्तरेच्या भिंतीवर पडतात. ही भिंत काळी रंगवितात. ती दिवसा तापते व रात्री ऊब परत देते. पश्चिमेची भिंत पांढरी असते, कारण तिच्यावर सकाळचे ऊन पडते आणि ते परावर्तित होऊन गारठलेल्या वाफ्यांस लवकर मिळते. पूर्वेच्या भिंतीवर दुपारनंतरचे ऊन येते, म्हणून ती काळी करतात.

एवढे करूनही सायंकाळी प्लॅस्टिकखाली पडदा ओढला नाही, तर भिंतींत साठलेली बरीचशी ऊब वाया जाते. या कामास खर्च जवळजवळ नाही. नेम मात्र हवा. उलट दुपारी झरोका थोडा वेळ उघडावाच लागतो. थंडीच्या धास्तीने तो सदोदित बंद ठेवल्यास दमट हवेत रोग पडतो. ही निगा राखल्यास पालक, कोथिंबीर यांसारख्या पालेभाज्या ऐन हिवाळ्यात मिळतात. अशा हरितगृहांच्या कार्यास २००९ साली ॲश्डेन हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार लाभला.

महाराष्ट्रात अशा भिंती बांधण्याचे कारण नाही. तथापि निफाड परिसरात काही वर्षी पारा ५ अंशांखाली उतरतो व द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. उघड्या आकाशाखाली त्या शेकोट्यांची बरीच ऊब वर निघून जाते. निदान रोपवाटिकेपुरते तरी ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस एवढे करून दाखवावे: थंडीच्या लाटेत वाफ्यांस सायंकाळी हलके पाणी द्यावे, कारण ओली माती अधिक ऊब धरून ठेवते. नंतर कामट्यांच्या कमानींवर गोणपाट अंथरावे. ते रोपांस टेकू देऊ नये, आणि सकाळी ऊन येताच काढून घ्यावे.