खांबांवर तोललेली धावपट्टी

शीर्षक वाचून कोणी म्हणेल, ऊसवाल्याला विमानतळाचं काय पडलंय? पण ही हकीकत ज्या बेटाची, ते एके काळी आपल्याच धंद्यातलं. अटलांटिक महासागरातल्या पोर्तुगालच्या मादेरा बेटावर पंधराव्या शतकात ऊस पिकू लागला आणि तिथली साखर युरोपभर गेली. कोलंबस तरुणपणी तिथे साखर खरेदीला गेला होता. फुंशाल या राजधानीच्या मानचिन्हावर आजही साखरेच्या पाच ढेपा आहेत. आता ऊस थोडाच उरलाय, तोही रम आणि काकवीपुरता. सगळी शेती डोंगरउतारावर ताली घालून, पाणी लांबून पाटाने आणलेले. सपाट एकरभर रान मिळणे मुश्कील.

अशा ठिकाणी १९६४ साली विमानतळ झाला. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये १,६०० मीटरची, म्हणजे मैलभराची धावपट्टी. १९ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री भर पावसात एक बोइंग ७२७ दोनदा फसून तिसऱ्या खेपेला उतरले. ओल्या पट्टीवर ते थांबेना, पट्टी संपली आणि विमान खाली किनाऱ्यावर कोसळले. १६४ पैकी १३१ माणसं गेली.

१९८६ पर्यंत पट्टी दोनेकशे मीटर वाढवली. ते पुरेसे नव्हते. पुढे तर जमीनच संपत होती! साधा उपाय म्हणजे भराव. पण किनारा एकदम खोल उतरतो, भरावाला दगड किती ओतायचा? शिवाय भराव बसतो. नव्या भरावावर बांधलेल्या घराच्या भिंतीला तडा जातो, हे आपण गावोगाव पाहतो. विमानाच्या पट्टीला तसा तडा परवडत नाही.

अंतोनियो सेगादाएस ताव्हारेस या पोर्तुगीज इंजिनियरने मोठ्या लांबीवर पट्टी खांबांवर घेतली. काँक्रीटचे १८० खांब, प्रत्येकाची जाडी ३ मीटर, म्हणजे दहा फूट. आपल्या गव्हाणीच्या शेडचा खांब त्यापुढे काठीच. उंच खांब पन्नास मीटरच्या पलीकडे जातात. एका रांगेत सहा खांब, त्यांच्या माथ्यावरून आडवी तुळई, तुळयांवर काँक्रीटचा स्लॅब. स्लॅब सुमारे १,००० मीटर लांब आणि १८० मीटर रुंद, हिशेब केला तर ४४ एकर भरतो. एवढं सपाट रान त्या बेटाला माणसाने करून दिलं म्हणायचं!

यातली खरी मेख ओझ्याची आहे. विमान उतरताना सगळा भार चार-दोन चाकांवर एका जागी आदळतो, आणि ब्रेक लागला की पुढेही रेटा बसतो. म्हणून खांब सुटे ठेवून चालत नाही. तुळई आणि स्लॅबने ते एकमेकांत बांधले, की एकावरचा मार शेजारच्यांत वाटला जातो. बैलजोडीचं जू आठवा.

१५ सप्टेंबर २००० रोजी २,७८१ मीटरची पट्टी खुली झाली. २००४ साली या बांधकामाला पूल व इमारतींच्या आंतरराष्ट्रीय अभियंता संघटनेचा पुरस्कार मिळाला. पट्टीखालची जागाही वाया गेली नाही. तिथून मोठा रस्ता जातो, गाड्या उभ्या राहतात, पोरं खेळतात.

वाऱ्याचं मात्र काही करता आलेलं नाही. डोंगरावरून झोत उतरतात, वैमानिकाला तिथे उतरण्याचं खास शिक्षण घ्यावं लागतं, आणि वारा फारच उठला तर विमान शेजारच्या पोर्तो सांतो बेटाकडे नाहीतर थेट लिस्बनला वळवतात.