गॅसवर चालणारी मोटार
ऑटो एलपीजी म्हणजे दाबाखाली द्रवरूप ठेवलेले प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण. मोटार वाहन कायद्यात २००० साली दुरुस्ती झाल्यावर भारतात ते गाडीत वापरणे कायदेशीर ठरले. पेट्रोल इंजिनाला मान्यताप्राप्त किट बसवता येते. गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर (आरसी) तशी नोंद मात्र हवीच. लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी, त्यामुळे गॅस जास्त लागतो आणि बचत दोन्ही दरांतील फरकावर व रोजच्या धावेवर ठरते. गॅसची टाकी ८० टक्केच भरतात, कारण उष्णतेने द्रव प्रसरण पावतो; मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही मोकळी जागा मोलाची. लांबच्या प्रवासाआधी पंपाचाही विचार हवा: सोयगाव तालुक्यातील फर्दापूरहून छत्रपती संभाजीनगर सुमारे १०० किलोमीटर. वाटेत गॅसपंपाची खात्री नसेल, तर पेट्रोलही टाकीत ठेवावे लागते. घरगुती सिलिंडरमधला गॅस गाडीत भरणे बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारेही.